सात फोटॉन हाती आले, पण स्फोट सापडला का?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. फर्मी या गॅमा-किरण टिपणाऱ्या उपग्रहावरच्या जीबीएम उपकरणाने एका गॅमा-किरण स्फोटाची, म्हणजे दूरच्या अवकाशातून आलेल्या गॅमा-किरणांच्या क्षणिक भडक्याची, सूचना दिली. तुम्ही त्याच उपग्रहावरच्या लॅट या उच्च-ऊर्जा दुर्बिणीचा डेटा उतरवून घेतलात, स्फोटाच्या जागेभोवती १२ अंश त्रिज्येचं वर्तुळ काढलंत आणि पहिल्या ३०० सेकंदांत १०० एमईव्हीच्या वरचे सात फोटॉन मोजलेत (केईव्ही, एमईव्ही, जीईव्ही ही फोटॉनच्या ऊर्जेची एककं, प्रत्येक आधीच्याच्या हजारपट). त्यातला एक ८ जीईव्हीचा निघाला. आता लॅटला हा स्फोट ‘दिसला’ असं म्हणायचं का? आणि एवढ्या प्रचंड स्फोटाचे जेमतेम सातच फोटॉन कसे?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. सात या आकड्यावरून काहीही सिद्ध होत नाही. ८ जीईव्हीच्या त्या एकट्या फोटॉनवरून मात्र बरंच काही सिद्ध होऊ शकतं. पण ते ज्या गोष्टींवर ठरतं त्या तुमच्या प्रश्नात नाहीत: स्फोटाची जागा कोणत्या उपकरणाने ठरवली, त्या वेळी दुर्बिणीचं तोंड कुठे होतं, आणि १२ अंश व ३०० सेकंद हे आकडे तुम्ही फोटॉन बघण्याआधी ठरवलेत की नंतर. या क्षेत्रात नव्याने आलेला प्रत्येक जण ‘किती दिसले?’ असं विचारतो. विचारायला हवं ते ‘स्फोट झालाच नसता, तर किती दिसले असते?’

दुसरा प्रश्न सोपा आहे, तो आधी संपवतो. स्फोटाचे बहुतेक फोटॉन काहीशे केईव्हीच्या आसपास असतात. त्याच्या वर बऱ्याच स्फोटांत ऊर्जा दसपट केली की फोटॉनांची संख्या साधारण वीसपट घटते. शंभर केईव्हीपासून एक जीईव्हीपर्यंत असे चार टप्पे आहेत. वीस गुणिले वीस गुणिले वीस गुणिले वीस, म्हणजे दीड लाखाला एक. शिवाय या किरणांना आरसा लावून एका जागी गोळा करता येत नाही. जेवढी दुर्बीण, तेवढंच जाळं. लॅटचं परिणामकारक क्षेत्रफळ अगदी समोरून येणाऱ्या किरणांसाठीसुद्धा एक चौरस मीटरपेक्षा कमी आहे, आणि किरण तिरपे यायला लागले की ते झपाट्याने आटतं. ६५ अंशांच्या पलीकडे जवळपास काही उरत नाही. जीबीएमचे १२ सोडियम आयोडाइडचे आणि २ बिस्मथ जर्मेनेटचे संवेदक वर्षाला सुमारे २४० स्फोट टिपतात. लॅटने पहिल्या दहा वर्षांत मिळून १८६ टिपले. तेव्हा लॅटमध्ये काहीच न दिसणं हीच नेहमीची गोष्ट आहे, हे मनात पक्कं करून कामाला बसावं.

लॅट ‘बघते’ म्हणजे नेमकं काय करते, हे थोडं सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. ८ जीईव्हीचा फोटॉन टंगस्टनच्या पातळ पत्र्यात शिरतो आणि त्याची इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होते. ही जोडी सिलिकॉनच्या पट्ट्यांच्या थरांतून जाताना माग सोडते, त्यावरून दिशा कळते. तळाशी सीझियम आयोडाइडच्या कांड्या आहेत, त्या ऊर्जा मोजतात. या सगळ्यावर ८९ प्लॅस्टिक फरश्यांचं आवरण आहे. बाहेरून विद्युतभारित कण आला की या फरश्या चमकतात आणि ती नोंद बाद होते. ही चाळण नसती तर काम अशक्य झालं असतं, कारण गॅमा फोटॉनांच्या हजारोपट संख्येने वैश्विक कण येऊन आदळत असतात.

इथे थोडं विषयांतर करतो. लॅटच्या आधी १९९१ साली गेलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवर एग्रेट हे याच जातीचं उपकरण होतं. त्याचं आवरण एकसंध घुमटासारखं होतं. फार जास्त ऊर्जेचा फोटॉन आत आला की कणांचा जो वर्षाव व्हायचा, त्याचे शिंतोडे उलटे वर उडून घुमटाला लागायचे, आणि उपकरण स्वतःचाच चांगला फोटॉन ‘भारित कण’ समजून फेकून द्यायचं. लॅटचं आवरण तुकड्यातुकड्यांचं आहे ते यामुळेच: माग ज्या फरशीकडे बोट दाखवतो, तीच चमकली का, एवढंच बघायचं. एग्रेटचं दुसरं दुखणं म्हणजे एक नोंद झाली की सुमारे सेकंदाचा दहावा भाग ते आंधळं व्हायचं. लॅटला त्यासाठी सुमारे २६ दशलक्षांश सेकंद पुरतात. स्फोटात फोटॉन घोळक्याने येतात, तेव्हा हा फरक फार मोठा ठरतो. एवढं असूनही १७ फेब्रुवारी १९९४ च्या स्फोटातून एग्रेटला सुमारे सव्वा तासाने १८ जीईव्हीचा फोटॉन मिळाला होता. उशिरा आलेल्या एकट्यादुकट्या फोटॉनला आम्ही हसून सोडून देत नाही, ते त्या फोटॉनपासून.

आता तुमचे सात. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर, जिथे आभाळ बऱ्यापैकी रिकामं असतं, तिथेसुद्धा गॅमा-किरणांची एक मंद पार्श्वभूमी सतत असते: थोडी आकाशगंगेतल्या वायूतून, थोडी दूरच्या दीर्घिकांतून. ढोबळ हिशेब करू. १०० एमईव्हीच्या वर ही पार्श्वभूमी दर चौरस सेंटिमीटरला, दर सेकंदाला, दर स्टेरेडियनला (आभाळाचा तुकडा मोजायचं एकक) साधारण तीन लाखांश फोटॉन एवढी धरा. कमी ऊर्जेला परिणामकारक क्षेत्रफळ सहा हजार चौरस सेंटिमीटर धरा. १२ अंश त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे ०.१४ स्टेरेडियन. गुणाकार केला तर सेकंदाला ०.०२५ फोटॉन येतात. ३०० सेकंदांत साडेसात.

म्हणजे स्फोट झालाच नसता तरी तुम्हाला सात-आठ फोटॉन मिळाले असते. तुम्हाला मिळाले सात. हिशेबात दीड-दोनपटीची चूक धरली तरी निष्कर्ष बदलत नाही. आणि स्फोटाची जागा आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ असेल, तर पार्श्वभूमी याच्या कितीतरी पट निघेल.

आता तो ८ जीईव्हीचा घ्या. ५ जीईव्हीच्या वरची पार्श्वभूमी फारच विरळ असते. तेवढ्याच वर्तुळात, तेवढ्याच वेळात माझ्या अंदाजाने ०.०५ ते ०.१ फोटॉन. म्हणजे शंभर वेळा असा प्रयोग केलात तर पाच-दहा वेळा असा फोटॉन आपोआप सापडेल. फार रोमांचक नाही. पण एवढ्यावर थांबू नका, कारण १२ अंशांचं वर्तुळ या फोटॉनला लागूच पडत नाही. १०० एमईव्हीच्या फोटॉनची दिशा लॅटला चार-पाच अंशांपेक्षा नेमकी सांगता येत नाही, म्हणून वर्तुळ मोठं घ्यावं लागतं. १ जीईव्हीला ती चूक एका अंशाच्या आत येते. ८ जीईव्हीला ती अंशाचा पाचवा भाग वगैरे उरते. तेव्हा हा फोटॉन खरोखर स्फोटाचा असेल, तर तो स्फोटाच्या जागेपासून फार तर अर्ध्या अंशात पडायला हवा.

म्हणून जागा कोणी ठरवली हे मी विचारतो आहे. समजा स्विफ्ट उपग्रहाने किंवा जमिनीवरच्या दुर्बिणीने उत्तरदीप्ती, म्हणजे स्फोटामागे उरणारी मंदावत जाणारी चमक, शोधून जागा काही कलांपर्यंत (अंशाचा साठावा भाग) किंवा विकलांपर्यंत (कलेचा साठावा भाग) पक्की केली आहे, आणि तुमचा फोटॉन तिथून अर्ध्या अंशात आहे. अर्ध्या अंशाचं वर्तुळ हे १२ अंशांच्या वर्तुळाचा सुमारे ५७५ वा हिस्सा. योगायोगाची शक्यता दहा हजारात एक-दोन एवढी खाली येते. असा फोटॉन असेल तर मी खुर्ची पुढे ओढून बसेन. उलट, जागा तेवढीच पक्की आहे आणि फोटॉन तीन अंश लांब आहे, तर त्याचा स्फोटाशी संबंध नाही. त्याची ऊर्जा कितीही आकर्षक असो, सोडून द्या. तिसरी आणि सगळ्यात त्रासदायक स्थिती म्हणजे जागा फक्त जीबीएमची असणं. तेजस्वी स्फोटातही तिच्यात तीन-चार अंशांची चूक असते, अंधुक स्फोटात दहा-पंधरा अंशही. तेव्हा पाच अंशांत कुठेही पडलेला फोटॉन ‘जवळ’ वाटतो, आणि योगायोगाची शक्यता शंभरात एक-दोनवर अडकते.

शंभरात एक ऐकायला बरं वाटतं. पण तुम्ही हा एकच स्फोट बघितलात का? वर्षातल्या २४० सूचनांपैकी साधारण निम्म्या लॅटच्या टप्प्यात असतात. त्या सगळ्या चाळून जो ‘सापडला’ तो इथे मांडत असाल, तर शंभरात एक ही शक्यता म्हणजे वर्षाला हमखास एक खोटा शोध. किती स्फोट बघितले हे लिहिल्याशिवाय कोणतीही शक्यता सांगू नका. मीही परीक्षणासाठी आलेल्या लेखात तो आकडा आधी शोधतो.

हीच गोष्ट वेळेला लागू. फोटॉन २८७ व्या सेकंदाला आला म्हणून खिडकी ३०० सेकंदांची ठेवली असेल, तर हिशेब तिथेच बिघडला. खिडक्या आधी ठरवाव्यात. मी तीन वापरतो: जीबीएमने मोजलेला स्फोटाचा कालावधी, पहिले १०० सेकंद आणि पहिले १००० सेकंद. आणि तीन खिडक्या बघितल्या हेही लिहितो. लांब खिडकी घ्यायला भौतिकशास्त्राचा आधार आहे. उच्च ऊर्जेचे किरण बऱ्याचदा कमी ऊर्जेच्या किरणांनंतर सुरू होतात आणि त्यांच्यापेक्षा खूप जास्त काळ टिकतात. जीआरबी (म्हणजे गॅमा-किरण स्फोट) ०८०९१६सी मध्ये १३ जीईव्हीचा फोटॉन साडेसोळा सेकंदांनी आला. जीआरबी १३०४२७ए मध्ये ९५ जीईव्हीचा फोटॉन सुमारे चार मिनिटांनी आला, तोवर मुख्य स्फोट केव्हाच ओसरला होता. पण जीआरबी ०९०५१० हा लघुस्फोट होता, आणि त्याचा ३१ जीईव्हीचा फोटॉन सूचनेनंतर एका सेकंदाच्या आत हजर झाला. तेव्हा तुमच्या फोटॉनच्या वेळेवरून तो खरा की खोटा हे ठरवता येणार नाही. फक्त खिडकी प्रामाणिक हवी.

आता दुर्बिणीच्या तोंडाबद्दल. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका स्फोटाच्या डेटात मला दिसलं की पहिल्या चारशे सेकंदांत फारसं काही नाही, पण नंतर फोटॉन वाढत वाढत जाताहेत. ‘उशिरा सुरू होणारं, दीर्घकाळ टिकणारं उत्सर्जन’, अगदी लेखांत वाचलं होतं तसं. दोन रात्री आलेख काढत बसलो. एका सहकाऱ्याने आलेख बघून एकच विचारलं: ‘झेनिथ कोन किती होता?’ झेनिथ कोन म्हणजे उपग्रहाच्या थेट डोक्यावरच्या दिशेपासून मोजलेला कोन. उपग्रह पृथ्वीभोवती फिरत होता, स्फोटाची जागा हळूहळू क्षितिजाकडे सरकत होती, आणि मी मोजत होतो ते पृथ्वीच्या वातावरणातून येणारे गॅमा-किरण. वैश्विक कण हवेवर आदळून पृथ्वीची कड गॅमा-किरणांत लखलखत असते. फर्मीच्या सुमारे ५६५ किलोमीटर उंचीवरून ही कड झेनिथपासून ११३ अंशांवर दिसते, आणि कमी ऊर्जेच्या फोटॉनांची दिशा चार-पाच अंशांनी चुकत असल्याने तिचं तेज आणखी आत सांडतं. खरं तर मला आधीच शंका यायला हवी होती: स्फोटाची उत्तरदीप्ती ओसरत जाते, सावकाश चढत नाही. तेव्हा तोंड पोळलं, आता ताकही फुंकून पितो. झेनिथ कोनाची मर्यादा १०० अंशांची ठेवा, आणि नुसता केंद्रबिंदू नव्हे, तर अख्खं १२ अंशांचं वर्तुळ त्या मर्यादेत राहील तेवढाच काळ घ्या.

त्याच बैठकीत दुर्बिणीच्या अक्षापासूनचा कोनही काढा. स्फोट ७० अंशांवर असेल तर माझा साडेसातचा हिशेब तुम्हाला लागू नाही. पार्श्वभूमी खूपच कमी असायला हवी, आणि मग सात फोटॉन आले कुठून हा वेगळाच, जास्त मजेदार प्रश्न होतो. माझा पहिला संशय पृथ्वीच्या कडेवर जाईल.

पार्श्वभूमीचा माझा ढोबळ आकडा वापरूच नका, तो फक्त तुम्हाला दिशा दाखवण्यापुरता. फर्मीचा डेटा सगळ्यांना खुला आहे, तेव्हा मोजून बघा. सगळं आभाळ चाळण्यासाठी उपग्रह आळीपाळीने दोन्ही बाजूंना झुकतो; पूर्वी या झुलण्याचा क्रम ठरलेला असायचा, म्हणून ३० कक्षा मागे किंवा पुढे गेलं की, म्हणजे जवळपास दोन दिवसांनी, उपग्रह तेच आभाळ तसंच बघत असायचा. तेवढाच काळ, तेवढंच वर्तुळ घेऊन फोटॉन मोजले की पार्श्वभूमी हातात. मार्च २०१८ मध्ये एक सौरपॅनेल फिरेनासं झाल्यापासून झुलण्याचा क्रम बदलला, तेव्हा ३० चा नियम डोळे झाकून लावू नका. उपग्रहाच्या स्थितीच्या फाइलीतून तसाच अक्षकोन आणि तसाच झेनिथ कोन असलेले तुकडे शोधा आणि अशा दहा-वीस तुकड्यांत मोजणी करा. तासाभराचं काम आहे. त्यांत पाच, नऊ, सहा, आठ असे आकडे आले, तर तुमच्या सातबद्दल आणखी काही बोलायची गरज उरणार नाही.

मगच लाइकलिहूडकडे, म्हणजे डेटा कोणत्या मांडणीशी किती जुळतो या मापाकडे, वळा: एका मांडणीत फक्त पार्श्वभूमी, दुसरीत पार्श्वभूमी अधिक स्फोट, आणि दोहोंच्या लाइकलिहूडच्या लॉगरिदममधल्या फरकाची दुप्पट म्हणजे टीएस. २५ च्या वर टीएस गेला तर आम्ही शोध मानतो. सात फोटॉनांवर आकाशगंगेचा आराखडा, समदिश (सगळ्या दिशांनी सारखी येणारी) पार्श्वभूमी आणि स्फोटाचा उतार (ऊर्जा वाढेल तसे फोटॉन किती वेगाने घटतात ते) हे सगळं एकदम मोकळं सोडू नका. सात आकड्यांतून तेवढी माहिती निघत नाही. आकाशगंगेचा आराखडा एका ठरावीक किमतीवर बांधून ठेवा. प्रत्येक फोटॉन स्फोटाचा असण्याची शक्यता काढणारं साधन फर्मीच्या आज्ञावलीतच आहे. ८ जीईव्हीच्या फोटॉनला ती ०.९९ च्या वर मिळाली, तर चांगली खूण. फक्त ही शक्यता तुम्ही दिलेल्या मांडणीतच खरी असते. स्फोट मांडणीत घातलात म्हणून ती फोटॉन स्फोटाला देते, आणि जागा चुकीची दिलीत तरी ती आत्मविश्वासाने उत्तर देते.

आजूबाजूला कोण राहतं तेही बघून घ्या. अर्ध्या-एक अंशात एखादा ब्लेझार (कृष्णविवराचा झोत आपल्याकडे रोखलेली दीर्घिका) असेल आणि तो त्या आठवड्यात भडकलेला असेल, तर ८ जीईव्हीचा फोटॉन त्याचा असू शकतो. सूर्य आणि चंद्र दोघेही लॅटला दिसतात. चंद्र तर वैश्विक कणांच्या माऱ्यामुळे उजळलेला असतो, आणि तो तुमच्या वर्तुळातून फिरत गेला का हे तपासायचं हमखास राहून जातं.

आणि हे सगळं करून काही मिळालं नाही, तर निराश होऊ नका, पण ‘दिसलं नाही’ आणि ‘बघितलंच नाही’ यांची गल्लतही करू नका. १७ ऑगस्ट २०१७ चं उदाहरण आहे. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाच्या गुरुत्वीय लहरी आल्या आणि १.७ सेकंदांनी जीबीएमने स्फोट टिपला. अख्ख्या विषयातली सर्वांत गाजलेली घटना, आणि लॅटमध्ये तिचा एकही फोटॉन नाही. कारण उपग्रह त्या वेळी दक्षिण अटलांटिकवरच्या त्या भागात होता, जिथे भारित कणांचा मारा इतका असतो की लॅटचं डेटा घेणं थांबवावं लागतं. दोन्ही उपकरणांसाठी त्या भागाच्या सीमा थोड्या वेगळ्या ठेवल्या आहेत, म्हणून जीबीएम तेवढं जागं होतं. लॅटने पुन्हा बघायला सुरुवात केली तोवर जवळपास वीस मिनिटं गेली होती, आणि वरची मर्यादा, म्हणजे तेज जास्तीत जास्त किती असू शकतं तो आकडा, त्या नंतरच्या काळासाठीच देता आली. याच्या उलटही होतं. ९ ऑक्टोबर २०२२ चा जीआरबी २२१००९ए इतका तेजस्वी होता की ऐन भरात लॅटच्या नोंदींवर कमी ऊर्जेच्या किरणांचा ढीग पडला आणि तेवढा काळ नेहमीच्या विश्लेषणातून वगळावा लागला. आकडा शून्य असो की हजार, तो वाचण्याआधी उपकरणाची त्या क्षणाची अवस्था वाचावी लागते.

तुमच्या बाबतीत टीएस २५ च्या खाली राहिला, तर उतार २ वर बांधून वरची मर्यादा काढा आणि ती कोणत्या काळासाठी आहे हे तिच्याशेजारीच लिहा. जीबीएमच्या वर्णपटावरून लॅटमध्ये जेवढं दिसायला हवं होतं, त्याच्या ही मर्यादा खाली गेली, तर स्फोटाच्या वर्णपटाला मध्येच कुठेतरी कात्री लागली आहे असा अर्थ होतो. एका फोटॉनच्या शोधापेक्षा तो निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटेल.

पुढचं बोलण्याआधी एवढं कळवा: स्फोटाची जागा कोणत्या उपकरणाची, तिच्यातली चूक किती, ८ जीईव्हीचा फोटॉन त्या जागेपासून किती अंशांवर आणि कितव्या सेकंदाला आला, आणि त्या क्षणी अक्षकोन व झेनिथ कोन किती होते. फोटॉन कोणत्या वर्गातले, म्हणजे किती कडक चाळणीतून आलेले, घेतलेत तेही सांगा. क्षणिक घटनांसाठीचा सैल वर्ग वापरला असेल, तर भारित कणांची भेसळ जास्त असते आणि पार्श्वभूमी माझ्या साडेसातच्या बरीच वर जाईल.